मुलांची पुस्तकं, ख्रिस्ती पुस्तकं आणि रोजच्या चार ओळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी दुपारी चार वाजता इंदूरच्या सुदामानगरात आमच्या घरी सात-आठ जण जमतात. तासभर आळीपाळीने मोठ्याने वाचायचं, मग आपापल्या वहीत काहीतरी लिहायचं, मग पोहे आणि चहा. वाचायला कपाटाच्या दोनच फळ्या आहेत. वरच्या फळीवर मुलांची पुस्तकं, खालच्या फळीवर ख्रिस्ती पुस्तकं. नवीन माणूस दारातच जे विचारतो आणि फोनवर जे विचारलं जातं, ते इथे एकदाचं लिहून ठेवते आहे, म्हणजे पोह्यांवर शेव घालता घालता तेच तेच सांगायला नको.

हीच दोन प्रकारची पुस्तकं का? यांचा एकमेकांशी संबंध काय?

खरं सांगायचं तर आधी काहीच नव्हता. घरात होती ती पुस्तकं वापरली. माझी आजी नगरहून मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून इकडे आली. (त्या नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय. म्हणजे आजी अहिल्याबाईंच्या जिल्ह्यातून निघून अहिल्याबाईंच्याच राज्यात आली, असं आम्ही हसत म्हणतो.) तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत पवित्र शास्त्र म्हणजे बायबल होतं, उपासना संगीत हे भजनांचं पुस्तक होतं आणि 'बालबोधमेवा'चे काही फाटके अंक होते. 'बालबोधमेवा' हे अमेरिकन मिशनने एकोणिसाव्या शतकात काढलेलं मुलांचं मासिक. वरची फळी माझ्या मुलांची. मुलं मोठी होऊन बंगळूरला गेली, पुस्तकं इथेच राहिली.

दोन्ही फळ्या शेजारी शेजारी वाचायला लागल्यावर संबंध दिसायला लागला. ही दोन्ही पुस्तकं समोर बसलेल्या माणसासाठी लिहिलेली असतात. लहान मुलाला एक वाक्य कळलं नाही की ते उठून पळतं. मिशनच्या माणसांपुढे तर नुकती अक्षरओळख झालेले लोक बसलेले असायचे. दोन्हीकडे लिहिणाऱ्याला मिरवायला जागा नव्हती. आणि पुष्कळदा लिहिणारा माणूसही एकच निघतो. नारायण वामन टिळकांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो, आणि चर्चमध्ये आजही गायली जाणारी कितीतरी भजनं त्यांचीच आहेत. मंगेश पाडगावकरांनी भोलानाथाला पावसाबद्दल विचारणारं गाणं लिहिलं आणि बायबलच्या नव्या कराराचा मराठी अनुवादही केला. हे मी सांगितलं की लोक दोन मिनिटं माझ्याकडे संशयाने बघतात. मग मी पुस्तक काढून हातात देते.

मी ख्रिस्ती नाही. आलं तर चालेल का?

निम्मे तसेच आहेत. एक आजोबा तर एकादशीचा उपास धरून येतात आणि बायबलमधली स्तोत्रसंहिता वाचतात.

स्पष्टच विचारतो. हा धर्मप्रसाराचा प्रकार तर नाही ना?

स्पष्ट विचारलंत, बरं वाटलं. नाही. इथे प्रार्थना होत नाही, पाळकसाहेब येत नाहीत, कुणाला काही पटवायचं नसतं. वाचलेल्या गोष्टीवर वाद मात्र होतात, आणि ते चांगले रंगतात. सगळं उधळून परत आलेल्या मुलाला जवळ करणाऱ्या, बायबलमधल्या 'उधळ्या पुत्रा'च्या बापाला एकदा एका बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी 'हिशेबाला कच्चा' ठरवलं होतं. चहा थंड होईपर्यंत भांडण चाललं.

लिहायची सवयच लावायची आहे ना? मग सरळ लिहायला बसावं, वाचनात तास कशाला घालवायचा?

मी वीस वर्षं सरळ लिहायला बसत होते. दर १ जानेवारीला नवी डायरी, पहिल्या पानावर तारीख, 'आजपासून रोज लिहिणार'. साधारण सहा जानेवारीपर्यंत टिकायचं. फेब्रुवारीपासून त्याच डायरीत दुधाचा हिशेब. माझ्याकडे अशा अकरा डायऱ्या आहेत. दुधाचे भाव कसे वाढत गेले हे कुणाला बघायचं असेल तर उपयोगी पडतील.

कोऱ्या पानापुढे बसलं की मनात 'काय लिहू' येतं आणि पाठोपाठ 'मी कोण लागून गेले लिहिणारी' हेही येतं. मोठ्याने वाचून झाल्यावर लगेच लिहायला बसलं तर हे दुसरं वाक्य यायला सवडच मिळत नाही. कानात अजून कुणाचं तरी चालतं वाक्य असतं, आपण त्याच्यामागून चालू लागतो. आजी स्वयंपाक करताना भजन म्हणायची आणि मधेच त्याच चालीवर 'पोरी, मीठ दे गं' म्हणायची. तसंच काहीसं.

रोज किती वाचायचं आणि किती लिहायचं?

पंधरा मिनिटं वाचन, चार ओळी लिखाण. पाचवी ओळ आली तर येऊ द्यावी, ओढून आणू नये. वेळ तुमची तुम्ही ठरवा, फक्त ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला चिकटवा. मी सकाळच्या चहाला चिकटवली आहे. एक ताई उज्जैनला नोकरीला जातात. त्या बसमध्ये वाचतात आणि ऑफिसात पोचल्यावर हजेरी लावायच्या आधी लिहितात.

वहीत नक्की काय लिहायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा बैजवार सांगते.

पहिले पंधरा दिवस काहीच 'सुचवायचं' नाही. वाचलेल्यातलं आवडलेलं एक वाक्य हाताने उतरवून काढायचं आणि खाली लिहायचं की ते का आवडलं. 'का' सापडत नसेल तर आपल्या घरातल्या कुणाच्या तोंडी ते वाक्य शोभेल ते लिहायचं. हाताने उतरवताना वाक्याची लांबी मनगटाला कळते. नुसतं डोळ्यांनी वाचून ते कळत नाही.

मग गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. इथे बायबलमधल्या छोट्या गोष्टींसारखी दुसरी तालीम नाही, कारण त्यात वर्णन जवळजवळ नसतंच. घर कसलं, अंगावर काय, हवा कशी, काही सांगत नाहीत. ते सगळं तुम्हाला भरायचं असतं. रूथचं पुस्तक घ्या. अवघे चार अध्याय. विधवा सासू, विधवा सून, परका मुलूख, कापणीचा हंगाम. सून सासूला सोडून जायला तयार नाही. आमच्यातल्या एका काकूंनी हीच गोष्ट मालव्यात आणली, गव्हाची कापणी आणली, सासू-सुनांना रस्त्याच्या कडेला भाकरी खायला बसवलं. तोपर्यंत त्यांनी वाण्याची यादी सोडून काही लिहिलं नव्हतं.

आणि माझा आवडता धडा म्हणजे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पंधराव्या अध्यायातला, त्या उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ. धाकटा सगळं उधळून घरी आलाय, बापाने धावत जाऊन गळामिठी मारलीय, आत वाजंत्री चाललीय. थोरला शेतातून येतो, आवाज ऐकतो आणि बाहेरच थांबतो. मला कधी मित्रांबरोबर खायला एक करडूसुद्धा दिलं नाहीत, असं बापाला सुनावतो. बाप समजूत घालतो. आणि गोष्ट संपते! तो आत गेला की नाही, कुठेच लिहिलेलं नाही. आता लिहा त्याची ती रात्र. आमच्याकडे नऊ वेगवेगळ्या रात्री जमल्या आहेत. एकीत तो सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन एकटाच तळलेला गराडू कंद खातो. मला तीच सर्वांत खरी वाटली.

लहान मुलांना योनाची गोष्ट द्या. योनाला गिळणाऱ्या माशाचं पोट सगळ्यांना माहीत असतं, पण पुस्तकाचा शेवट माहीत नसतो. ते पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं: निनवे शहरात एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का? त्या गुराढोरांवर पोरं फिदा असतात. दहा वर्षांच्या एका मुलाने निनवेतल्या म्हशीचं मनोगत लिहिलं होतं.

माझी मराठी इंदुरी आहे. लोक हसतात. आधी शुद्ध मराठी शिकून मग लिहू का?

नाही. आधी लिहा.

'काय करून राहिलीस' म्हणण्यावरून, 'ळ'चा 'ल' करण्यावरून, 'भूख' म्हणण्यावरून पुण्याच्या लग्नघरात मीही टोमणे खाल्ले आहेत. शाळेत तर एका बाईंनी माझ्या निबंधावर लाल शाईने 'ही मराठी नव्हे' असं लिहून वही परत केली होती. त्यानंतर मी बरीच वर्षं मराठीत पत्रसुद्धा लिहिलं नाही. मग नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' हाती आली. या बाईंचं शिक्षण लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली, मोडत-धडपडत झालेलं. चरित्र लिहायला वडिलांच्या आठवणी हव्यात म्हणून मुलाने मागितल्या आणि त्या लिहायला बसल्या. १९३४ ते १९३६ या काळात ते लिखाण भागाभागाने पुस्तकरूपात आलं. वाचताना वाटतं, त्या ओट्यावर बसून शेजारणीशी बोलताहेत. नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हाचं दुःख त्या सांगतात आणि त्याच पानावर स्वतःच्या फजितीवर हसतातही. मराठीतल्या थोर आत्मचरित्रांत त्याची गणना होते ती याच बोलण्याच्या बळावर. आणि बोलणं तेवढंच येत होतं असं समजू नका. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं.

आणखी एक सांगते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहून गेला. १६१६ साली ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. इंग्लंडातून आलेल्याला जमलं, तुम्ही तर राजवाड्यापासून तीन कोसांवर मराठी घरात जन्मलात.

शुद्धलेखनाचं काय, असं कुणी तरी विचारतंच. ते महिन्यातून एकदा बघतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून गोष्ट मरत नाही.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?

मुलांच्या फळीवरून आधी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घ्या. चित्रंही त्यांचीच असतात आणि वाक्यात एक शब्द काढायला जागा सापडत नाही. त्यांनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे' तर मोठ्यांनीही उशाशी ठेवावं. विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्याने वाचायच्या, मनात वाचून त्यांचा अर्धा जीव जातो. आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचाच. भागवतांचा जन्म १९१० सालचा, आपल्या इंदुरातला! फुरसुंगीच्या बन्याचं 'ट्टॉक' मराठी पोरांच्या जिभेवर बसवणारा माणूस आपल्या गावचा, हे इथल्या बऱ्याच मराठी घरांत ठाऊकच नसतं. मी हे प्रत्येक नव्या माणसाला सांगते, त्याने न विचारता.

ख्रिस्ती फळीवरून 'स्मृतिचित्रे' आधी. मग मार्कचं शुभवर्तमान. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, आणि धावत सुटलेलं. बायबलमधल्या नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत, म्हणजे महिन्याच्या तारखेला तो अध्याय. सवय लावायला याहून सोपी सोय मला ठाऊक नाही. आज तारीख काय हे बघितलं की कुठलं पान उघडायचं हा प्रश्नच मिटतो.

बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' (१८५७) मात्र पहिल्या महिन्यात नको. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा आहे, त्या काळच्या विधवांचे हाल त्यात काळजाला भिडतात, पण मधेमधे उपदेश लांबतो. तेव्हा तुम्ही वही मिटाल.

बायबलची मराठी जड जाते. काय करू?

जुन्या भाषांतराची लय मला सोडवत नाही, कारण कानात आजी आहे. तुम्हाला तसं बंधन नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घ्या. त्याला अनुवादासाठी साहित्य अकादमीचा २०१३चा पुरस्कार मिळाला आहे. गाठीशी थोडा धीर असेल तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर शोधा. कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणून रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. वर्षानुवर्षं हे काम चाललं. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. आमच्या बैठकीत आम्ही एकच उतारा तीन भाषांतरांत वाचतो आणि मग चौथं आपलं करतो. त्या दिवशी वह्या लवकर मिटत नाहीत.

माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. घरी मराठी बोलते पण वाचत नाही. तिला आणू का?

आणा. हिंदी वाचता येत असेल तर लिपी येतेच, निम्मं काम झालेलं आहे. अडचण वेगळीच असते. 'चमचा' आणि 'चहा' यांतले च वेगळे म्हणायचे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आणि हिंदीतले ओळखीचे शब्द मराठीत चकवतात. एका मुलाने 'चोराला शिक्षा झाली' हे वाचून, बरं झालं, आता तो नोकरी करेल, असं म्हटलं होतं. 'खाली', 'चेष्टा' यांचंही तसंच. आम्ही अशा शब्दांची वेगळी वही केली आहे आणि ती मुलांच्याच ताब्यात आहे.

तिच्यासमोर तुम्ही स्वतः वाचा, एवढं बाकी करा. आई सोफ्यावर मोबाईल बघतेय आणि मुलीला मराठी पुस्तक दिलंय, हे चालत नाही. हे मी तीन घरांत पाहिलंय.

शास्त्रातल्या मारामाऱ्या, कापाकापी मुलांना वाचायला द्यायची?

सगळं नाही. दावीद-गल्याथ चालतं. बायबलच्या शास्ते या पुस्तकातली शेवटची प्रकरणं मोठ्यांनाही जेवणानंतर वाचवत नाहीत.

ही पुस्तकं इंदुरात मिळतात का?

नवी मराठी पुस्तकं बहुधा मागवावी लागतात. आमच्यातलं कुणी ना कुणी पुण्याला जातच असतं. यादी द्या, रात्रीच्या बसने परत येताना घेऊन येतील. जुनी पुस्तकं खजुरी बाजारात कधीमधी हाती लागतात, पण शाळेच्या गाइडांच्या ढिगाखाली हात घालायची तयारी हवी. खरा खजिना जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर आहे. कुणी घर बदलत असेल, कुणाची आजी गेली असेल, तर रद्दीवाल्याच्या आधी आम्हाला फोन करा. एका घरातून असंच उपासना संगीत मिळालं. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने धोब्याच्या कपड्यांचा हिशेब मांडला होता.

फुकट हवं असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक बघा. १९७१च्या नोव्हेंबरपासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर उघडे ठेवलेले आहेत. एक अंक उघडला की दोन तास जातात, हे आधीच सांगून ठेवते.

वहीऐवजी मोबाईलवर लिहिलं तर?

लिहा. फक्त बोलून टाईप करणार असाल तर नंतर एकदा वाचून बघा. माझ्या फोनने 'मेंढपाळ'चा 'मेनू पाळ' केला होता.

खाडा पडला तर मागचं भरून काढायचं का?

नाही. गेलेले दिवस गेले. रंगपंचमीच्या आठवड्यात आमच्याकडे कुणीच लिहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. भरपाई करायला गेलं की चार ओळींच्या चाळीस होतात आणि मग दुधाचा हिशेब सुरू होतो.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली म्हणतात. मग मला किती दिवस लागतील?

नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी ती पाच दिवसांत लिहिली, हे खरं. पण ती आई त्यांच्या मनात किती वर्षं बोलत होती तेही धरा की. तुम्ही दिवस मोजू नका, वह्या मोजा. माझी सध्या सातवी चालू आहे आणि तिच्यात दूध नाही.

लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवावं लागतं?

नाही. वही मिटून बसलात तरी चालतं. एक काका पहिले आठ महिने नुसते ऐकत होते. नवव्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या आईच्या लुगड्यावर अर्धं पान वाचलं आणि चष्मा पुसत बाहेर गेले. आम्ही काही बोललो नाही, एकाने पंखा थोडा वाढवला. वाचलंत तर मात्र एक नियम आहे: ऐकणाऱ्याने 'छान' म्हणायचं नाही. कुठलं वाक्य आठवणीत राहिलं तेवढंच सांगायचं.

पुस्तक घरी नेता येतं का?

येतं. दाराजवळच्या वहीत नाव, पुस्तक आणि तारीख लिहा, तीन आठवड्यांत परत आणा. आजीचा 'बालबोधमेवा' आणि तिचं पवित्र शास्त्र मात्र इथेच बसून वाचायचं, पानं हातात तुटतात. आणि फास्टर फेणेचा एक भाग गेल्या दिवाळीपासून दिसत नाही. पाठीमागे निळ्या शाईचा डाग आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी नाव न सांगता अंगणातल्या झोपाळ्यावर ठेवून दिला तरी चालेल.